ह्यांच्या कीर्तनाला दहा हजार माणूस, आणि घरात माझा हरिपाठ सुटला

तुळशीकट्टा

राम कृष्ण हरी.

लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. माझे मिस्टर कीर्तनकार आहेत. नाव-गाव सांगत नाही, कृपा करून विचारू नका. आळंदीला चार वर्षं माधुकरी मागून शिकले. आमचं लग्न झालं तेव्हा महिन्याला दोन-तीन तारखा असायच्या, त्याही पंचक्रोशीतल्या. मोटारसायकलवर मागे मृदंगवाल्याला बसवून जायचे. मग एका कीर्तनाचा व्हिडिओ लोकांनी उचलला आणि दोन वर्षांत सगळं पालटलं. आता पुढच्या मार्गशीर्षापर्यंत डायरी भरलेली आहे. सप्ताहाचं शेवटचं, काल्याचं कीर्तन ह्यांचंच पाहिजे म्हणून गावं वर्षभर थांबतात.

हे ढोंगी नाहीत, हे आधीच सांगते. व्यसन नाही, पैशाची लपवाछपवी नाही. पहाटे चारला गाडीतून उतरले तरी अंघोळ करून ज्ञानेश्वरीची ठरलेली ओवी वाचल्याशिवाय पाठ टेकत नाहीत. कोणी बघत नसतं तेव्हाही. म्हणून तर माझं दुखणं कुणाला सांगता येत नाही.

घरी आले की बोलत नाहीत. रागावलेले नसतात, नुसते गप्प. जेवण, फोन, झोप, आणि परत बॅग. धोतर-नेहरूशर्ट धुताना बुक्क्याचे डाग मी घासते, तेवढाच आमचा संबंध उरलाय असं कधी कधी वाटतं. शाली ठेवायला ट्रंक पुरेना म्हणून दुसरी घेतली. मागच्या पावसाळ्यात मुलीला रात्री ताप चढला, हे तेव्हा परभणीकडे होते. गोधड्या ओल्या होत्या, म्हणून ट्रंकेतल्या तीन शाली काढून तिच्यावर घातल्या. कुठल्या गावच्या होत्या कुणास ठाऊक.

आता मुद्द्याचं. मुलगी बारा वर्षांची आहे. ह्यांच्या एका कीर्तनात दृष्टांत आहे: "मी दमून घरी जातो, माझी लेक तांब्या घेऊन दारात उभी असते, पायांवर पाणी घालते आणि म्हणते, पप्पा, आज किती लोकांना विठ्ठल दिला?" लोक अक्षरशः रडतात. तो तुकडा लाखो लोकांनी पाहिलाय. मुलीनेही पाहिला. मला म्हणाली, "आई, हे कधी झालं?"

कधीच झालेलं नाही.

चार दिवसांनी हे येणार होते. गाडीचा आवाज आल्यावर ती तांब्या भरून दारात जाऊन उभी राहिली. मी स्वयंपाकघरातून बघत होते. हे फोनवर बोलत आले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत गेले. तिने पाणी तुळशीला घातलं.

त्या दिवसापासून माझा हरिपाठ सुटला. तो मी माहेरून आणलेला. आई चुलीपुढे भाकरी थापताना म्हणायची, तिचं ऐकूनच मला पाठ झाला. आता "देवाचिये द्वारी" म्हणायला तोंड उघडलं की मला ह्यांचा माईकमधला आवाज ऐकू येतो, ह्यांची चाल, ह्यांचं मध्येच थांबणं. नवऱ्याशी अबोला धरता येतो, तो मोडताही येतो. पण विठ्ठलाचं नाव घ्यायला गेलं की मध्ये नवराच उभा दिसतो, त्याचं काय करू? तुमच्यापैकी कुणाच्या घरात असं झालंय का?

गोदातीर

ताई, वाचून गलबलून आलं. मुलीला जवळ घ्या. बाकी उद्या सवडीने लिहीन.

टाळाची_गाठ

वहिनी, राम कृष्ण हरी. मी चौदा वर्षं एका महाराजांच्या मागे टाळ धरतोय. तुमचे महाराज कोण ते मला माहीत नाही. आमच्या बाजूचं थोडं सांगतो.

कीर्तन रात्री नऊ ते अकरा. त्यानंतर पाया पडायची रांग, फोटो, मग यजमानाकडे पंगत. कुणाला नाही म्हणता येत नाही, कारण त्या घराने वर्षभर वाट पाहिलेली असते. गाडी निघायला एक वाजतो. दुसऱ्या दिवशी दहाला दीडशे किलोमीटरवर काला असतो. दोन तास उभं राहून, भरल्या गळ्याने बोलून महाराज गाडीत बसले की शब्द काढत नाहीत. ड्रायव्हरला खुणेने सांगतात, काच वर कर. हा माणूस घरी जाऊन काय बोलणार, असं मला कैक वेळा वाटलंय.

आणि तारीख सोडणं सोपं नाही. एक तारीख गेली की गायक, मृदंगमणी, आम्ही टाळकरी, ड्रायव्हर, सगळ्यांचंच पाकीट जातं. दोनदा नाही म्हटलं की ते गाव तिसऱ्यांदा विचारत नाही. हे सगळं महाराजांच्या डोक्यावर असतं.

तांब्याचा दृष्टांत मात्र मी आणखी दोन महाराजांच्या तोंडून ऐकलाय. एकाच्या दृष्टांतात मुलगी असते, दुसऱ्याच्या दृष्टांतात सून. दृष्टांत असेच फिरत राहतात. महाराजांनी खोटं बोलायचं म्हणून सांगितलं नसेल. "एका माणसाची मुलगी" म्हटलं की लोक ऐकतात, आणि "माझी मुलगी" म्हटलं की रडतात. तो फरक एकदा कळला की जीभ आपोआप तिकडे वळते.

तुळशीकट्टा

टाळाची_गाठ दादा, तुम्ही खरं सांगितलंत. म्हणजे ती माझी मुलगी नव्हतीच. एका परीने हलकं वाटलं. दुसऱ्या परीने आणखी वाईट वाटलं, कारण तिच्या वर्गातल्या पोरी तिला "तांब्यावाली" म्हणतात. गावातल्या बायका म्हणतात, काय गुणाची पोर. आणि ती मान खाली घालून उभी राहते. खरं सांगावं तर पप्पा खोटे पडतात. नाही सांगावं तर आपण खोटं कौतुक घेतो. बारा वर्षांच्या पोरीने हे ओझं का उचलायचं?

अलिप्त

ताई, माझा राग येऊ देऊ नका, पण घरातल्या गोष्टी अशा चव्हाट्यावर आणू नयेत. ज्याने परमार्थाला वाहून घेतलं त्याचा संसार मागे पडतोच. खुद्द तुकोबांनी बाईल कर्कशा मिळाली म्हणून देवाचे आभार मानले आहेत. तुमचे यजमान हजारो लोकांना माळ घालायला लावत असतील, व्यसनं सोडवत असतील. त्या पारड्यात तुमचं दुःख टाकून बघा.

भंडाऱ्याची_वाट

अलिप्त, तो अभंग नुसता त्या दोन शब्दांपुरता वाचू नका. त्याच अभंगात तुकोबा म्हणतात की दिवाळं निघालं ते बरं झालं, दुष्काळाने पीडा केली तेही बरं झालं. तो १६३०चा दुष्काळ होता. त्यांची पहिली बायको रखमाबाई अन्न अन्न करत गेली, लहानगा संतू गेला. ते "बरं झालं" समाधानाने निघालेलं नाही. सगळं जळून गेल्यावर माणूस राखेत उभा राहून बोलतो तसं ते आहे. ते उचलून आज कुणाच्या बायकोला गप्प करायला वापरायचं, हे मला पटत नाही.

आणि तुकोबांच्या दुसऱ्या बायकोबद्दल, जिजाईबद्दल, आपण वारकऱ्यांनी थोडं नीट बोलायला हवं, असं मला फार वर्षांपासून वाटतं. मी देहूजवळची. भंडारा डोंगर शेकडो वेळा चढलेय. आता गाडीरस्ता आहे, तरी मी पायवाटेने जाते. उन्हाळ्यात अर्ध्यावर घसा कोरडा पडतो. नवरा वर नामस्मरणात बसलाय, घरात पोरं, दुकान बुडालेलं, कर्जखतांचा आपला वाटा त्याने इंद्रायणीत सोडून दिलेला. आणि ही बाई रोज भाकरी बांधून ती वाट चढते. त्या वाटेवर तिच्या पायात काटा मोडला आणि तो काढायला खुद्द विठ्ठल आला, अशी कथा आहे. कथा सांगताना बुवा लोक हसवतात, ती विठ्ठलाला कशा शिव्या द्यायची ते रंगवून सांगतात. पण कथेतला देव कुणापुढे वाकला ते बघा की! विठ्ठलावर चिडणाऱ्या बाईचा पाय देवाने हातात घेतला.

पुढचं तर फार थोडे सांगतात. १६५०मध्ये तुकोबा गेले तेव्हा जिजाई गरोदर होती. नंतर नारायण झाला. बापाचं तोंड न पाहिलेला मुलगा. त्या नारायणबुवांनी १६८५मध्ये पालखी सोहळा सुरू केला. आज लाखो लोक ज्या पालखीबरोबर चालतात ती "कर्कशे"च्या पोराने उचललेली आहे. त्याला वडील कुणी सांगितले असतील? त्याला अभंग कुणाच्या तोंडून कळले असतील? मला तरी आईशिवाय दुसरं नाव सुचत नाही.

ताई, तुमची चीड म्हणजे श्रद्धा नसणं नव्हे. देवाशी भांडणारी बाई आपल्या संप्रदायाच्या ऐन मध्यावर उभी आहे.

अलिप्त

नारायणबुवा नंतर जन्मले हे मला माहीत होतं, पण त्याचा असा विचार केला नव्हता. आभार. चव्हाट्यावर म्हणालो ते मागे घेतो, ताई.

गोदातीर

काल लिहीन म्हटलं होतं. मी पैठणचा. आमच्याकडे एकनाथांच्या घरातली एक गोष्ट लहानपणापासून ऐकवतात.

नाथांचा मुलगा हरिपंडित संस्कृतचा मोठा विद्वान. बाप प्राकृतात पुराण सांगतो, कुणाच्याही घरी जेवतो, हे त्याला आवडेना. तो रागावून काशीला निघून गेला. नाथ त्याला आणायला गेले. मुलाने अटी घातल्या: प्राकृत पुराण सांगायचं नाही, परान्न घ्यायचं नाही. आणि नाथांनी त्या मानल्या! ज्या पुराणासाठी लोक लांबून यायचे ते बंद. मुलगा संस्कृतात सांगू लागला आणि श्रोते हळूहळू येईनासे झाले. पुढे सहस्रभोजनाचा नवस केलेल्या म्हाताऱ्या बाईची कथा येते, मुलाचे डोळे उघडतात आणि नाथ परत बोलू लागतात. तो भाग सगळ्यांना पाठ असतो.

मला मधला काळ मोठा वाटतो. नाथांची बाजू बरोबर होती, मुलाची चूक होती, हे आज आपण सगळेच मानतो. तरी त्यांनी घरात मुलगा असावा म्हणून सभा सोडली. आपलं खरं असूनही गप्प बसले. "परमार्थासाठी घर सुटतंच" असं म्हणणाऱ्याला मी हीच गोष्ट सांगतो.

तुमच्या यजमानांना ही कथा माहीत असणारच. कीर्तनात सांगतही असतील.

तुळशीकट्टा

सांगतात. फार सुंदर सांगतात.

कॅसेटची_पेटी

मी या धाग्यावर तीन दिवस फिरतोय. माझे वडील कीर्तनकार होते. यूट्यूबच्या आधीचे, कॅसेटच्या काळातले. मी आता पन्नाशीकडे झुकलोय, परदेशात असतो.

वडील गेले तेव्हा आमच्या गावात गाड्या लावायला जागा उरली नव्हती. तेरा दिवस माणसं येत होती. प्रत्येकाकडे एक गोष्ट. "महाराजांनी माझी दारू सोडवली." "महाराजांनी आम्हा भावांचा बांधाचा वाद मिटवला." म्हातारी माणसं माझा हात धरून रडायची आणि मी ऐकत बसायचो. मला सांगायला एकही गोष्ट नव्हती. मला आठवते ती त्यांची पाठ, आणि खुंटीवरची वीणा, जिला हात लावायचा नाही.

इकडे येताना कॅसेटची पेटी आणली. बरीच वर्षं उघडली नाही. मग एका हिवाळ्यात, बाहेर चार वाजता अंधार पडायचा त्या दिवसांत, एकेक ऐकायला लागलो. खरं सांगायचं तर मी स्वतःला शोधत होतो. कुठेतरी माझं नाव येईल, "माझा पोरगा" म्हणतील. अठ्ठावीस कॅसेट आहेत. नाही आलं.

पण साधारण अर्ध्या पेटीनंतर मी शोधायचं थांबलो आणि अभंग ऐकू लागलो. ते कोण आहेत हे विसरून. त्यांच्यावरचा राग गेला असं मी म्हणणार नाही, तो आहे. आता मी रोज एक अभंग म्हणतो आणि तो वडिलांचा वाटत नाही. मला तिथवर यायला एकोणीस वर्षं लागली. ताई, तुमच्या मुलीला इतकी लागू नयेत म्हणून लिहितोय. तिच्या वडिलांना आत्ताच सांगा. ते गेल्यावर सांगायला कुणी उरत नाही.

शेवंती_राहुरी

मी राहुरीची, मराठी ख्रिस्ती. माझे यजमान चर्चचे पाळक आहेत, तेव्हा व्यासपीठावरच्या माणसाची बायको असणं मला ठाऊक आहे. उपासना संपल्यावर सगळे त्यांच्याशी हात मिळवतात आणि मी सतरंज्या गोळा करत असते.

आमच्या घरात लक्ष्मीबाई टिळकांचा विषय आजीपासून चालत आला आहे. ना. वा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला विश्वासात न घेता. कवी म्हणून, वक्ता म्हणून माणसं त्यांच्यावर लुब्ध. आणि इकडे ही बाई लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या आधाराने राहतेय. नवरा जिवंत, तरी लोक हळहळायला येतात. कित्येक वर्षं!

ती पुढे त्यांच्याकडे परत आली, पण आल्या आल्या ख्रिस्ती झाली नाही. सोवळं-ओवळं सांभाळत, आपलं पाणी वेगळं ठेवत त्याच नवऱ्याबरोबर राहिली. मग एक दिवस तिचा तिनेच विचार केला: जात देवाने केली की माणसाने? माणसाने केली असेल तर मी ती का पाळू? आणि ती कुणाच्याही हातचं प्यायला लागली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९००मध्ये. टिळक इतके मोठे वक्ते, पण तिची श्रद्धा त्यांच्या भाषणातून आली नाही. आपल्या वाटेने, आपल्या वेळेला आली. म्हणून ती टिकली. टिळक १९१९मध्ये गेले, त्यांचं अर्धवट राहिलेलं ख्रिस्तचरित्राचं महाकाव्य तिने पुरं केलं.

बहिणी, तुमचा हरिपाठ तुमच्या आईचा आहे ना? यजमानांचा नाही. मग आईच्या चालीत म्हणा. चाल बदलली की आवाजही बदलेल. मी स्वतः असंच केलंय. यजमान ज्या उपासना चालवतात तिथे मी जाते, पण माझी प्रार्थना मी पहाटे भाजी निवडताना करते. तिथे मला पाळक लागत नाही.

चाल_धरा

उलट्या बाजूने लिहिते. मी स्वतः कीर्तन करते. माझ्या घरी वाट बघणारा नवरा आहे. बाईने कीर्तनाला जायचं म्हणजे काय काय ऐकावं लागतं ते सांगत बसत नाही. संत बहिणाबाईंना तर लोक मान देतात, पाया पडतात, एवढ्यावरून नवऱ्याचा मार खावा लागला होता. तो घर सोडून निघाला, आजारी पडला, हिने सेवा केली, मग तो वळला. माझा नवरा तसा नाही, देवाच्या कृपेने.

पण ताई, तुमच्या महाराजांचा तो गप्पपणा माझ्यातही आहे, म्हणून कबूल करते. लोकांसमोर प्रेम सोपं असतं. तिथे दोन तासांनी पसायदान होतं आणि आपण गाडीत बसतो. घरात पसायदान होत नाही. मुलगा म्हणतो, दप्तराची चेन तुटली, आणि मला खरंच कळत नाही की या वाक्याला काय उत्तर द्यायचं. दहा हजार लोकांपुढे न अडखळणारी मी तिथे अडखळते. मग फोन हातात घेते. हे वाईट आहे, मला माहीत आहे. आता गाडी गावाच्या वेशीवर आली की मी फोन बंद करून पिशवीत टाकते. दर वेळी जमत नाही.

तुम्ही त्यांना दृष्टांताचं सांगितलंत का? पोरगी तांब्या घेऊन उभी होती, हे त्यांना माहीत आहे का?

तुळशीकट्टा

नाही. आज रात्री येणार आहेत.

तुळशीकट्टा

नऊ दिवसांनी लिहितेय, माफ करा.

सांगितलं. जेवण झाल्यावर, मुलगी झोपल्यावर. आधी म्हणाले, "लोकांना तो दृष्टांत आवडतो." मी म्हटलं, "ती खरंच तांब्या घेऊन उभी होती. तुम्ही फोनवर होता." ते काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, झालं, नेहमीसारखं. पण झोपायला गेले नाहीत. ओसरीवर बसून राहिले. दोनला मी उठले तेव्हाही तिथेच होते. मी चहा करून दिला. तेव्हा म्हणाले, "कोणत्या दिवशी?" मी वार सांगितला. डायरी काढून पाहिलं कुठून आले होते ते.

सकाळी मुलीला विचारलं, "बाळा, ते मी सांगू नको का कीर्तनात?" मी दारामागे होते. ती बराच वेळ विचार करत होती. मग म्हणाली, "सांगा, पण माझी मुलगी म्हणू नका." ते बरं म्हणाले. तिने परत विचारलं, "नक्की?" ते परत बरं म्हणाले.

परवा नगरच्या बाजूला कीर्तन होतं, मोबाईलवर थेट दाखवत होते. मुलगी माझ्या शेजारी बसून बघत होती. दृष्टांताची जागा आली तसे हे थोडे थांबले आणि पुढच्या चरणावर गेले. दृष्टांतच सांगितला नाही. तिने मोबाईल पालथा ठेवला आणि अभ्यासाला बसली. काही बोलली नाही.

बाकी घरात फार बदललंय असं नाही. तारखा तेवढ्याच आहेत. आले की गप्पच असतात. पण डायरीत पुढच्या महिन्यातल्या एका पानावर तिरकी रेघ मारलेली दिसली, गावाचं नाव नाही. मी विचारलं नाही.

शेवंतीताई, तुमचं ऐकलं. आईची चाल म्हणजे चालच नाही, नुसतं बोलल्यासारखं, भाकरी उलटताना मध्येच तुटणारं. पहिले दोन दिवस ह्यांचा आवाज आलाच. तिसऱ्या दिवशी पीठ मळताना मधला एक अभंग आठवेना, तर आईला फोन लावला. तिने फोनवर म्हणून दाखवला, मागे तिच्या कुकरची शिट्टी. आता तो अभंग आला की मला शिट्टी ऐकू येते.

कॅसेटवाल्या दादांनी लिहिलेलं मी ह्यांना वाचून दाखवणार आहे. अजून दाखवलेलं नाही.

आज एकादशी. मुलीची शाळा साडेसातची, तिला डब्यात भगर हवीय. उठते. राम कृष्ण हरी.